शहराची जागा आणि हवेतला धूर

(विहाराच्या वर्धापन दिनी जळकोट येथे केलेले भाषण. वेळेअभावी बोलायचे राहिलेले काही मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



 

समितीने मला पर्यावरण या विषयावर बोलायला सांगितले आहे. पर्यावरण म्हटले की झाडे लावा, पाणी जपून वापरा, प्लास्टिक टाळा, एवढे सांगून वक्ता खाली बसतो. त्यात चूक काही नाही. पण मी आज जागेबद्दल बोलणार आहे. गावातली, शहरातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरते, आणि त्या ठरवण्यातून हवेत धूर कमी-जास्त कसा होतो, हा माझा विषय. मी शास्त्रज्ञ नाही. डाळ मिलमध्ये पोती वाहण्यात आणि मशीन चालवण्यात माझी उमेद गेली. जे काही सांगतो ते वाचनालयात बसून, वर्तमानपत्रांची कात्रणे जमवून समजून घेतलेले आहे.

जागेचा निर्णय म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवायची गरज नाही. गावकुसाबाहेर आपली वस्ती कुणी ठरवली? वारा कुठून येतो, पाण्याचा उतार कुठे आहे, हे बघून आपली घरे एका बाजूला टाकली. पाणवठा लांब, बाजार लांब, शाळा लांब. त्याला नगररचना असे नाव नव्हते, धर्माचे नाव होते. पण नकाशा होताच. कोण कुठे राहील आणि त्याला रोज किती चालावे लागेल, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवले होते. आज तेच ठरवण्याचे काम नगरपंचायत, महापालिका, मंत्रालय यांच्या कागदावर होते. भाषा बदलली, शिक्के आले, पण लांब कुणाला पाठवायचे हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

आता धुराचे सांगतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो. तो डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. कचरा कुजला की मिथेन निघतो. हे वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे बसतात. सूर्याची ऊब आत येते, पण पूर्वीइतकी बाहेर जात नाही. म्हणून त्यांना हरितगृह वायू म्हणतात. गोधडी नसती तर आपण गारठलो असतो, हेही खरे. पण गेल्या दीडशे-दोनशे वर्षांत कारखाने आणि वाहने यांनी ती गोधडी फार जाड करून ठेवली. परिणाम तुम्ही शेतात भोगताच. पाऊस येतो तेव्हा एका दिवसात येतो, नाहीतर महिना महिना तोंड दाखवत नाही. चैत्र-वैशाखात उन्हात उभे राहून काम करणाऱ्याला जास्त सांगायला नको.

एक हिशेब करू. एक लिटर पेट्रोल जाळले की साधारण सव्वादोन किलोच्या वर, म्हणजे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लोकांना हे खरे वाटत नाही. एक लिटर पेट्रोलचे वजनच पाऊण किलो, मग सव्वादोन किलो कुठून आला? तर जळताना त्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो, त्याचे ते वजन. आता आपल्या वस्तीतला एक तरुण रोज कामासाठी उदगीरला जाऊन येतो. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरा. मोटारसायकल लिटरला पन्नास देते असे धरा. रोजचे २.३ किलो झाले. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर जवळजवळ सातशे किलो. तोच तरुण भरलेल्या एस.टी.ने गेला तर? एस.टी. लिटरला साडेचार-पाच किलोमीटर चालते, डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो वायू निघतो. पन्नास किलोमीटरचा वाटा चव्वेचाळीस माणसांत वाटला तर एकाच्या वाट्याला साधारण सहा-सातशे ग्रॅम येतो. म्हणजे मोटारसायकलच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. आणि एकटा माणूस चारचाकीत बसून गेला तर साडेसात किलो. आणि जो कामावर चालतच जातो त्याचा धूर काहीच नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा की माणसाला रोज पन्नास किलोमीटर जावे का लागते? हौस म्हणून कुणी जात नाही. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे असते म्हणून जावे लागते. ते अंतर जागेच्या निर्णयाने ठरते. गाडी कोणती घ्यायची हे माणूस ठरवतो, पण जायचे किती लांब हे नकाशा ठरवतो.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचे आहे, आणि ते मी जरा सविस्तर सांगणार आहे. कारण तो आपल्याही माणसांचा इतिहास आहे.

परळ, लालबाग, वरळी, नायगाव, डिलाईल रोड. या भागात कापडाच्या गिरण्या होत्या आणि गिरण्यांच्या अवतीभवती चाळी. भोंगा झाला की माणसे चालत गिरणीत जायची आणि पाळी सुटली की चालत घरी. खोल्या लहान, संडास सामाईक, एका खोलीत दहा-दहा माणसे. हे मी विसरत नाही. चाळीचे गुणगान गाणाऱ्यांना मी नेहमी विचारतो की तुम्ही राहिलात का तिथे? गिरणीतही आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धाग्याला तोंड लावावे लागते, विटाळ होतो, हे कारण. जास्त पगाराचे खाते आपल्याला बंद. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. ते स्वतः परळला इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले होते. तेव्हा गिरणगाव म्हणजे स्वर्ग होता असे माझे म्हणणे नाही. पण घर आणि काम यांच्यात चालण्याइतके अंतर होते. शाळा, बाजार, दवाखाना, व्याख्यान, जयंतीची मिरवणूक, सगळे पायाखाली. लाखो माणसे रोज कामावर जात होती आणि त्या जाण्याचा धूर जवळजवळ शून्य. गिरणीच्या चिमणीतून धूर निघत होता, तो वेगळा.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप फुटला म्हणा, चिरडला म्हणा, पण पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. मग मालकांच्या आणि सरकारच्या लक्षात आले की कापडापेक्षा खालची जागा महाग आहे. मुंबईच्या मधोमध सुमारे सहाशे एकर जागा गिरण्यांच्या ताब्यात होती.

१९९१ साली सरकारने विकास नियंत्रण नियमावली केली. तिच्यातला ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जागेचा. त्याचा सारांश असा होता की गिरणीच्या जागेचे साधारण तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, मैदान-बगिच्यासाठी. एक वाटा म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी. तिसरा वाटा मालकाला. नियम वाईट नव्हता. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनेही या जागांचा एकत्रित विचार करून नकाशा करावा असे सुचवले होते. पण २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. दुरुस्ती छोटी दिसते, चार शब्दांची. वाटे करायचे ते सगळ्या जागेचे नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचे. जिथे शेड उभी आहे, इमारत उभी आहे, ती जागा वाटणीतून बाहेर. आता गिरणीत मोकळी जागा असते किती? लोकांच्या वाट्याला येणारी जमीन एकदम आटली. पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली.

मग काय झाले ते मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. फिनिक्स मिलच्या जागी मॉल. इतर गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसे आणि चाळीस-पन्नास मजली इमारती. काचेच्या इमारतीत ऊन आत येते, खिडकी उघडत नाही, म्हणून दिवसभर वातानुकूलन. त्याची वीज मुख्यतः कोळशाची. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यात २०१९ सालचा हिशेब आहे. शहरातून वर्षाला सुमारे २ कोटी ३४ लाख टन हरितगृह वायू निघतात. त्यातले ७२ टक्के इमारतींतली वीज, गॅस अशा ऊर्जेच्या वापरातून, २० टक्के वाहतुकीतून, ८ टक्के कचऱ्यातून. म्हणजे इमारत कशी बांधली आणि कुठे बांधली, यातच सगळे आले.

आणि गाड्या. सार्वजनिक पार्किंगसाठी मजले बांधून दिले तर बिल्डरला जादा बांधकामाची परवानगी, अशी योजना मुंबईत निघाली. गिरणगावात अशी पार्किंगे उभी राहिली. गाडी ठेवायला जागा मिळाली की गाडी येते. हे शास्त्र फार अवघड नाही. कामगारांच्या घरांना जागा नाही म्हणणाऱ्या शहरात गाड्यांना मजल्यावर मजले मिळाले.

ऑफिसात काम करणारी सगळी माणसे काही त्या टॉवरमध्ये राहत नाहीत. ती येतात विरार, कल्याण, बदलापूर, पनवेलहून. पूर्वी त्या स्टेशनांवर जेवढी माणसे उतरत त्याच्या कितीतरी पट उतरू लागली. जागेचा वापर बदलला, पण पूल तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मेली. वर्तमानपत्रांनी पाऊस, अफवा, अरुंद जिना अशी कारणे छापली. ती खरी आहेत. पण त्या जिन्यावर एवढी माणसे आली कुठून, हे कारण २००१ च्या त्या चार शब्दांपर्यंत जाते असे माझे स्पष्ट मत आहे. हे असल्यामुळे ते होते, असे तथागतांनी कार्यकारणभाव सांगताना शिकवले. तो नियम ध्यानापुरता ठेवू नका, नगररचनेलाही लावून बघा.

आणि गिरणी कामगार? घरासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. काहींना गिरण्यांच्याच जागेवर घरे मिळाली. १ मार्च २०२० ला बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची सोडत निघाली. त्याआधी २०१६ साली पनवेलजवळ कोन इथल्या घरांची सोडत निघाली होती. बाकीच्यांसाठी २०२४ च्या मार्चमध्ये शासन निर्णय निघाला, शेलू आणि वांगणी इथे ८१ हजार घरे बांधायची. वांगणी-शेलू म्हणजे मुंबईच्या मुख्य स्टेशनापासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, कर्जतच्या वाटेवर. कामगारांच्या संघटनांनी विरोध केला की आम्हाला मुंबईतच घर द्या. लोक म्हणतात, फुकटात मागतात आणि वर जागाही निवडतात. त्यांना माझे उत्तर आहे की जो माणूस चालत कामावर जात होता त्याच्या मुलाला तुम्ही रोज दीडशे किलोमीटर फिरायला लावता, आणि मग तुम्हीच प्रदूषण वाढले म्हणून परिषदा भरवता. लोकल गाडी आहे म्हणून बरे, ती विजेवर चालते आणि हजारो माणसे एकदम नेते. पण स्टेशनापासून घरापर्यंत रिक्षा आहे, वेळ आहे, पैसा आहे. बाईमाणसाचे तर विचारूच नका. सकाळी चारला उठून डबा करायचा आणि रात्री नऊला परत यायचे.

इथे कुणी म्हणेल, मग काय टॉवर नकोतच? तसे माझे म्हणणे नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळी पाहा. १९२० च्या दशकातल्या. आपल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांच्या चार-चार पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत गेल्या. तिथे आता जुन्याच जागेवर नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. उंच इमारतीला सिमेंट-लोखंड फार लागते, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. लिफ्टला वीज लागते, देखभालीचा खर्च येतो, तो पुढे झेपेल का ही काळजी आहेच. तरीही माणूस आपल्या जागेवर राहिला, शाळा-काम-बुद्धविहार पायाखाली राहिले, याची किंमत मोठी आहे. पुण्यात येरवड्यालाही झोपडपट्टी न हलवता जिथल्या तिथे पक्की घरे बांधण्याचे काम झाले. वस्ती लांब फेकणे हाच एक उपाय आहे असे जे सांगतात त्यांना ही दोन उदाहरणे दाखवा.

आता मुंबई सोडून आपल्या जिल्ह्यात येऊ. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. आपल्यातले वडीलधारे तेव्हा भाकरी-कपडे घेऊन मदतीला गेले होते. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ते झोपेत अंगावर आले. त्यामुळे घरे बदलायला हवी होती यात शंका नाही. जागतिक बँकेच्या मदतीने मोठा कार्यक्रम झाला आणि लातूर-उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली.

घरे मजबूत झाली. पण गावाचा नकाशा कसा झाला? जुने गाव दाटीवाटीचे होते, बोळी अरुंद, त्यात सावली. नवे गाव शहरातल्या कॉलनीसारखे आखले. सरळ रेषा, रुंद रस्ते, सुटी सुटी घरे. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा लागली आणि ती शेतजमीन घेऊन मिळवावी लागली. गाव पसरले की नळाची पाइप लांब, विजेची तार लांब, गटार लांब, रस्ता लांब. गरीब ग्रामपंचायतीने ते सांभाळायचे कसे? म्हातारी माणसे पारावर जाईनात, कारण पार लांब. काही गावांत शेत लांब पडले. सिमेंटचे छत उन्हाळ्यात तापते, माळवदाखाली जी थंडाई होती ती गेली. मग पंखा, मग कूलर. त्याची वीज कोळशाची. आपल्या परळीचे औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले होते, हे आठवा. उष्णता वाढली की वीज जास्त लागते, आणि वीज करायला लागणारे पाणीच दुष्काळात नसते.

घरांचे आकारही जमिनीच्या मालकीवर ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका रांगेत आणले होते, पुनर्वसनाने पुन्हा वेगळे केले. हे विषयाला थोडे सोडून झाले, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

गाव पसरले की धूर वाढतो, हे जगभर दिसते. अमेरिकेतले अटलांटा आणि स्पेनमधले बार्सिलोना, या दोन शहरांची तुलना अभ्यासक नेहमी देतात. १९९० साली दोन्हींची लोकसंख्या पंचवीस ते अठ्ठावीस लाख, म्हणजे जवळपास सारखी. बार्सिलोनाची वस्ती १६२ चौरस किलोमीटरमध्ये मावली होती, अटलांटाची ४,२८० चौरस किलोमीटरमध्ये पसरली होती. बार्सिलोनात माणूस चालतो, मेट्रोने जातो. अटलांटात दूध आणायलाही मोटार. वाहतुकीतून माणशी निघणारा कार्बन अटलांटात साधारण दहापट. माणसे वाईट म्हणून नाही, नकाशा तसा म्हणून.

मला आपली पोरे विचारतात, काका, आपण कितीसा धूर सोडतो? अमेरिकेतला एक माणूस सरासरी भारतीयाच्या सातपट सोडतो. आणि भारतीयांतही आपण तळाला. मग ही चिंता आपण का करायची? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की धूर कुणी सोडला हे ऊन विचारत नाही. उन्हात बांधकामावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात कोण उभे असते ते बघा. दुसरे असे की धूर वाढवणारा निर्णय आणि आपल्याला लांब फेकणारा निर्णय हे बहुतेक वेळा दोन नसतात, एकच असतो. वांगणीला घरे बांधायची हा एकच निर्णय आहे. त्याने कामगारावर अन्यायही होतो आणि हवेत वायूही वाढतो. म्हणून आपल्या हक्कासाठी भांडताना आपण हवेसाठीही भांडत असतो, हे आपल्या पोरांना कळले पाहिजे.

कचऱ्याचेही तसेच. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला टाकला. तिथे शेजारी गोवंडीच्या गरीब वस्त्या. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा शहरभर धूर पसरला आणि मग पांढरपेशांना देवनार कुठे आहे हे कळले. कुजणाऱ्या कचऱ्यातला मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबाने अठ्ठावीसपटीच्या आसपास जास्त उष्णता धरतो. कचरा कुठे टाकायचा हासुद्धा जागेचाच निर्णय, आणि ती जागा कुणाच्या शेजारी निघते हे मी सांगायला नको.

जागेचा निर्णय बदलता येतो का? येतो. चैत्यभूमीच्या शेजारची इंदू मिल. सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाची जागा, साडेबारा एकर, समुद्राकाठी. त्या जागेचा भाव काय असेल याचा हिशेब आपल्याला करता येणार नाही. तिथे बाबासाहेबांचे स्मारक व्हावे म्हणून ६ डिसेंबर २०११ ला भीमसैनिक आत शिरले आणि ठाण मांडून बसले. मोर्चे झाले, निवेदने झाली. ११ ऑक्टोबर २०१५ ला स्मारकाचे भूमिपूजन झाले. त्या एकाच गिरणीची जमीन लोकांच्या रेट्याने लोकांसाठी राखली गेली. तोच रेटा बाकीच्या सहाशे एकरांसाठी लागला असता तर, असे माझ्या मनात नेहमी येते. स्मारकाइतकेच घराच्या प्रश्नावर आपण एकत्र येत नाही, याची मला खंत आहे. कुणाला राग आला तरी चालेल.

नांदेडची उस्मानशाही मिल आपण सगळे ऐकून आहोत. निजामाच्या काळातली. नंतर सरकारकडे गेली आणि बंद पडली. मोठ्या शहरांत अशा जागा निघत राहणार. आपल्या जळकोटात गिरण्या नाहीत, रेल्वे नाही, आगगाडी धरायची तर उदगीर. पण म्हणून आपल्याकडे जागेचे निर्णय होत नाहीत असे समजू नका. तालुका झाला, नगरपंचायत झाली. आता आपल्यासारख्या प्रत्येक गावात एकच चालले आहे. हमरस्त्याला शेत विकत घ्यायचे, बिगरशेती करायचे, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडायचे, कमान उभी करायची. गावात जुन्या जागा पडून, आणि वस्ती रस्त्याच्या कडेने दोन-तीन किलोमीटर लांबत जाते. सरकारी कार्यालयाला गावाबाहेर जागा निघते, मग उताऱ्याच्या एका कागदासाठी म्हातारी बाई रिक्षाला पैसे देऊन जाते. घरकुले मंजूर होतात, पण जागा निघते माळावर, जिथे पाणी नाही, शाळा नाही. पुन्हा गावकुसाबाहेर.

आपले हे विहार बघा. चारी बाजूंनी लेकरे पायी येतात. म्हातारी माणसे काठी टेकत वंदनेला येतात. अभ्यासिका इथेच, लग्न इथेच, सभा इथेच. समोरची झाडे आहेत म्हणून दुपारी इथे बसवते. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेने वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या आणि ते शिलास्तंभावर कोरून ठेवले. रस्ता म्हणजे चालणाऱ्याचा, हे त्याला कळत होते. आपल्याकडे रस्ता रुंद करायचा म्हटले की पहिली कुऱ्हाड कडेच्या झाडावर.

आता करायचे काय ते सांगतो आणि थांबतो.

१९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. त्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा होतो. कुठे घरे, कुठे बाजार, कुठे दवाखाना, कुठे मैदान, कुठे रस्ता, कुठे कचरा, याची आरक्षणे त्यात रंगाने दाखवलेली असतात. प्रारूप आराखडा तयार झाला की तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो, नकाशा कार्यालयात बघायला ठेवावा लागतो, आणि ठरावीक मुदतीत लोकांच्या हरकती-सूचना घ्याव्या लागतात. ज्याने लेखी हरकत दिली त्याला सुनावणीला बोलावतात. हा हक्क प्लॉट पाडणारे बरोबर वापरतात. त्यांचे वकील हजर असतात. आपल्या बाजूने कुणीच नसते. नंतर जेसीबी आल्यावर आपण रस्त्यावर आडवे पडतो, तोवर कागद पक्का झालेला असतो.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाची हकीकत सांगितली आहे. शाक्य आणि कोलीय यांचे पाण्यावरून भांडण. सिद्धार्थ संघाच्या सभेत उभा राहिला आणि युद्धाला त्याने विरोध केला. बहुमत त्याच्या विरोधात गेले. तरी तो बोलला, सभेत बोलला, कारण सांगून बोलला. सुनावणीला गेल्यावर आपले ऐकतीलच असे नाही. पण गेलेच पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. विहार समितीने पाच जणांची एक तुकडी करावी. त्यात दोन तरी बाया असाव्यात, कारण पाणी, रेशन, दवाखाना, शाळा यांचे अंतर त्यांच्या पायांना माहीत असते. इंजिनिअरिंग शिकणारी दोन पोरे घ्या, नकाशा वाचायला. नगरपंचायतीत जाऊन आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारा. तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. मग एका रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी मिळून आपल्या वस्तीचा नकाशा जमिनीवर रांगोळीने काढा. शाळा किती पावलांवर, दवाखाना किती, बाजार किती, एस.टी.चा थांबा किती, कचरा कुठे जळतो, झाडे कुठे आहेत, घरकुलासाठी गावातल्या गावात कोणती सरकारी जागा पडून आहे. हे सगळे वहीत उतरवा. घरकुल माळावर नको, गावात द्या, ही मागणी त्या वहीच्या आधारावर करा. सकाळी उदगीरला जाणाऱ्या पोरांची यादी करा आणि त्यांच्या कामाच्या वेळेला एस.टी. मिळावी म्हणून आगाराला अर्ज द्या. तीस-पस्तीस पोरे निघाली तर एक गाडी भरते.

वहीसाठी आणि झेरॉक्ससाठी लागणारे पैसे मी देतो. नावे आजच, खीरदान झाल्यावर, समितीच्या सचिवांकडे द्यावीत.

नमो बुद्धाय. जय भीम.